काळ्या पडद्यावरची एक ओळ

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ फुकट मिळत होतं, पण अटी कडक होत्या. मदरबोर्डवर टीपीएम २.० हवं, सिक्युअर बूटची सोय हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. म्हणजे ढोबळमानानं २०१७च्या आधी घेतलेला लॅपटॉप बाद. यंत्र ठणठणीत, रॅम वाढवलेली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकलेली, तरी कंपनीच्या लेखी म्हातारं. अशा यंत्रांच्या मालकांपैकी काहींनी अटींना बगल देऊन विंडोज ११ बसवलं, तर काहींनी लिनक्स मिंट किंवा उबंटूची वाट धरली.

बसवणं तसं सोपं असतं. पेनड्राइव्ह तयार करायचा, त्यावरून यंत्र सुरू करायचं, चार-सहा प्रश्नांना ‘पुढे’ म्हणायचं. थोड्या वेळानं ‘पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा’ अशी सूचना येते. यंत्र बंद होतं, पुन्हा सुरू होतं, कंपनीचं बोधचिन्ह झळकतं आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटते : नो बूटेबल डिव्हाइस. कुणाकडे ‘ऑपरेटिंग सिस्टम नॉट फाउंड’, कुणाकडे ‘ग्रब रेस्क्यू’ आणि पुढे लुकलुकणारी रेघ.

इथं बहुतेक माणसं घाबरतात आणि लॅपटॉप उचलून जवळच्या दुकानात नेतात. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं : ‘विंडोज मारून देतो, संध्याकाळी या.’ संध्याकाळी यंत्र चालू होऊन मिळतं. फक्त मुलीच्या वाढदिवसाचे फोटो, सोसायटीचा हिशेब आणि अर्धवट प्रबंध त्यात नसतो. गंमत अशी, की दुकानात नेताना यातलं सगळं डिस्कवर बहुधा जागच्या जागी होतं. घर जागेवर, माणसं घरात. दारावरची पाटी तेवढी बदलली, म्हणून पोस्टमन परत गेलेला. त्यासाठी घर पाडायची गरज क्वचितच असते.

ही पाटी कुठं असते, हे कळायला बटण दाबल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत डोकावावं लागतं. यंत्राला वीज मिळताच मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. जुन्या सवयीनं सगळे त्याला बायोसच म्हणतात. तो रॅम, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत का ते पाहतो आणि मग डिस्कवरच्या एका छोट्या प्रोग्रॅमच्या हाती कारभार देतो. हा बूटलोडर. बूटलोडर विंडोजचा किंवा लिनक्सचा गाभा रॅममध्ये आणतो आणि बाजूला होतो. तीन टप्पे, दोन हस्तांतरणं. सिस्टीम बदलल्यावर होणारा घोटाळा बहुतेक वेळा या दोन हस्तांतरणांतच असतो.

पहिलं हस्तांतरण करायच्या दोन पद्धती आहेत आणि निम्म्या भानगडींचं मूळ त्यात आहे. जुनी पद्धत १९८३ सालची, आयबीएमच्या पीसी डॉस २.०बरोबर आलेली. डिस्कचा अगदी पहिला, ५१२ बाइटचा तुकडा फर्मवेअर वाचतं आणि त्यात जे लिहिलं असेल ते डोळे मिटून चालवतं. त्या ५१२ बाइटांतले ४४६ बूट प्रोग्रॅमला, ६४ डिस्कच्या चार भागांच्या नोंदीला आणि उरलेले २ ‘ही डिस्क बूट होणारी आहे’ हे सांगणाऱ्या खुणेला. याला एमबीआर म्हणतात. एवढ्याशा जागेत दोन सिस्टीमचे बूटलोडर मावत नाहीत. जो शेवटी बसेल तो आधीच्याला पुसून टाकतो.

नवी पद्धत इंटेलनं नव्वदच्या दशकात इटॅनियम प्रोसेसरसाठी आखायला घेतली आणि २००५पासून अनेक कंपन्यांच्या मंडळानं यूईएफआय या नावानं पुढे नेली. तिच्यात डिस्कवर एक वेगळा छोटा भाग असतो. विंडोज तो स्वतः तयार करतं तेव्हा बहुधा १०० एमबीचा असतो. त्यात प्रत्येक सिस्टीमचं स्वतंत्र फोल्डर असतं. विंडोजचा बूटलोडर एका फोल्डरमध्ये, उबंटूचा दुसऱ्यात, कुणी कुणाच्या अंगावर बसत नाही. कोणता आधी चालवायचा याची यादी मात्र डिस्कवर नसते; ती मदरबोर्डच्या चिपमध्ये साठवलेली असते. कागदावर ही व्यवस्था देखणी आहे. पण ती पाळायचं काम मदरबोर्ड बनवणाऱ्यांकडे असतं, आणि ते काय काय करतात याचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे.

२०१२च्या नोव्हेंबरमध्ये मॅथ्यू गॅरेट या लिनक्स प्रोग्रॅमरनं लेनोव्होच्या थिंकसेंटर एम९२पी या डेस्कटॉपचं कोडं सोडवलं. त्यावर फेडोरा लिनक्स बसायचं, पण सुरू व्हायचं नाही. बूटलोडर जागेवर, यादीत नोंदही बरोबर. गॅरेट यांनी फर्मवेअरच उकलून पाहिलं तेव्हा कळलं, की ते यादीतल्या नोंदीचं नाव तपासत होतं. नाव ‘विंडोज बूट मॅनेजर’ किंवा ‘रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स’ असेल तरच पुढे जायचं, एरवी नाही. फेडोराच्या नोंदीला रेड हॅटचं नाव दिलं की तेच यंत्र निमूटपणे सुरू व्हायचं. नियमानुसार हे नाव फक्त माणसाला वाचता यावं म्हणून असतं, यंत्रानं त्यावरून काही ठरवायचं नसतं. इथं मात्र कुणीतरी ते पासवर्डसारखं वापरलं होतं.

अशी उदाहरणं विरळा. रोजच्या अडचणी जास्त साध्या असतात, आणि पडद्यावरची ती ओळ नीट वाचली तर अर्धं निदान तिथंच होतं. नव्वदच्या दशकात लिनक्सचा लिलो नावाचा बूटलोडर होता, वर्नर आल्मेसबर्गर यांनी लिहिलेला. तो सुरू होताना स्वतःच्या नावाची चार इंग्रजी अक्षरं एकेक करून छापायचा आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक टप्पा पार. पहिलं अक्षर उमटून थांबला तर दुसरा टप्पा डिस्कवरून वाचता आलेला नाही. दोन उमटली तर वाचला, पण चालला नाही. चारही दिसली की मार्ग मोकळा. आजचे संदेश त्याहून लांबलचक आहेत आणि काही अगदीच मठ्ठ आहेत, पण कुठं अडलं ते अजूनही सांगतात.

‘नो बूटेबल डिव्हाइस’चा अर्थ पहिलंच हस्तांतरण झालं नाही. सगळ्यात आधी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये शिरायचं. त्यासाठी यंत्र सुरू होताच एफ२ किंवा डिलीट दाबत राहावं लागतं. काही कंपन्यांत एफ१० किंवा एस्केप. तिथं डिस्कचं नाव दिसतंय का ते पाहायचं. दिसत नसेल तर भानगड सिस्टीमची नाहीच. केबल सैल आहे, एसएसडी खाचेत नीट बसलेली नाही किंवा डिस्कच गेली आहे. दिसत असेल तर बहुतेक वेळा दोन पद्धतींची सरमिसळ झालेली असते. पेनड्राइव्ह जुन्या, म्हणजे ‘लेगसी’ पद्धतीनं सुरू झाला, सिस्टीम त्याच पद्धतीनं बसली आणि मदरबोर्ड मात्र यूईएफआयवर अडून आहे. किंवा याच्या उलट. रुफससारख्या प्रोग्रॅमनं पेनड्राइव्ह तयार करताना जीपीटी (यूईएफआयबरोबरची डिस्कच्या भागांच्या नोंदीची नवी पद्धत) की एमबीआर हा प्रश्न येतो तो यासाठीच, आणि बहुतेक जण तो न वाचता पुढे जातात. गेल्या दहा वर्षांतल्या कुठल्याही यंत्रासाठी जीपीटी आणि यूईएफआय हीच जोडी धरावी.

जुन्या डेस्कटॉपवर आणखी एक साधं कारण सापडतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. सीआर २०३२ नावाचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो गेला की वीज बंद होताच घड्याळ मागे जातं आणि अनेक यंत्रांत सगळी सेटिंग मूळपदावर येतात. काल लेगसी केलेलं यंत्र आज पुन्हा यूईएफआय होऊन बसतं. पडद्यावर तारीख भलत्याच सालाची दिसली तर आधी सेल बदलावा, मग सिस्टीमला दोष द्यावा.

‘ग्रब रेस्क्यू’ची कहाणी उलट्या दिशेची आहे. लिनक्स आणि विंडोज एकाच यंत्रावर नांदत असतात. काही महिन्यांनी मालकाला लिनक्स नकोसं होतं. तो विंडोजमध्ये जाऊन लिनक्सचा भाग डिलीट करतो, जागा मोकळी झाली म्हणून खूश होतो, यंत्र पुन्हा सुरू करतो आणि अडकतो. ग्रब हा लिनक्सचा आजचा बूटलोडर. १९९५मध्ये एरिक बोलीन यांनी तो लिहायला घेतला तो ग्नू हर्ड या दुसऱ्याच सिस्टीमसाठी. त्याचा छोटा पहिला तुकडा डिस्कच्या सुरुवातीला किंवा त्या १०० एमबीच्या भागात राहतो, आणि बाकीचं सामान, मेन्यू धरून, लिनक्सच्या भागात. तो भागच उडवला की पहिला तुकडा जागा होतो, आपलं सामान शोधतो, सापडत नाही, आणि ‘अननोन फाइलसिस्टम’ म्हणून थांबतो. विंडोजला काही झालेलं नसतं. यूईएफआय यंत्रात एफ१२ किंवा तत्सम कळ दाबून बूट मेन्यू उघडावा आणि ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडावा. बहुतेक वेळा विंडोज जसंच्या तसं उघडतं. मग सेटिंगमध्ये जाऊन तीच नोंद यादीत वर नेली की काम झालं. जुन्या एमबीआर यंत्रात मात्र विंडोजच्या पेनड्राइव्हवरून ‘रिपेअर’मध्ये शिरून बूटरेक ही आज्ञा फिक्सएमबीआर या पर्यायासह द्यावी लागते. तिनं पहिल्या तुकड्यातला बूट प्रोग्रॅम नव्यानं लिहिला जातो, डिस्कच्या भागांच्या नोंदीला हात लागत नाही.

बूटरेकच्या बाबतीत एक सांगायला हवं. इंटरनेटवरच्या शेकडो व्हिडिओंत तिच्या तीन-चार आज्ञा मंत्रासारख्या एकापाठोपाठ एक द्यायला सांगतात. यूईएफआय यंत्रात त्यातल्या काही निरुपयोगी ठरतात, तर फिक्सबूट ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ म्हणून हात झटकते. तिथं खरी कामाची आज्ञा बीसीडीबूट. विंडोजच्या फोल्डरमधून बूटलोडरच्या ताज्या फायली काढून ती त्या छोट्या भागात ठेवते आणि यादीतली नोंदही करते. त्याआधी त्या लपलेल्या भागाला डिस्कपार्ट या आज्ञेनं एखादं अक्षर द्यावं लागतं, इतकंच.

काही वेळा पहिलं हस्तांतरण बिनबोभाट होतं आणि दुसऱ्यात माशी शिंकते. विंडोज सुरू होता होता निळा पडदा येतो : ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. अनेक लॅपटॉप कारखान्यातूनच इंटेलच्या आरएसटी किंवा रेड पद्धतीनं डिस्क जोडून येतात. उबंटूचा इन्स्टॉलर अशा डिस्कवर अडतो आणि ही सोय बंद करून एएचसीआय ही दुसरी पद्धत निवडायला सांगतो. मालक तसं करतो, लिनक्स बसतं, पण विंडोजला आता स्वतःची डिस्क ओळखता येत नाही, कारण सुरू होताना ते जुनाच ड्रायव्हर घेऊन धावतं. उपाय आहे आणि तो हसू यावं इतका साधा आहे. सेटिंग तात्पुरतं पूर्वीसारखं करायचं, विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग एएचसीआय करायचं. सेफ मोडमध्ये विंडोज योग्य ड्रायव्हर स्वतः शोधून घेतं. नंतर सेफ मोड काढून टाकला की दोन्ही सिस्टीम सुखानं चालतात. एका सेटिंगपायी पुसली गेलेली विंडोज किती असतील कोण जाणे.

सिक्युअर बूटचं प्रकरण जास्त नाजूक. विंडोज ८बरोबर, २०१२मध्ये, ते घरोघरी आलं. फर्मवेअर बूटलोडरवरची डिजिटल सही तपासतं आणि ओळखीची नसेल तर त्याला दारातच अडवतं. ओळखीची सही म्हणजे व्यवहारात मायक्रोसॉफ्टची. म्हणून लिनक्सवाल्यांनी शिम नावाचा एक छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतला. तो आधी चालतो आणि पुढे ग्रबला बोलावतो. प्रतिस्पर्ध्याच्या सहीवर आपलं घर चालावं, ही अवघड परिस्थिती बहुतेक दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही.

१३ ऑगस्ट २०२४ला ती लक्षात आली. त्या दिवशीच्या विंडोज अपडेटनं सदोष जुने बूटलोडर बाद ठरवणारी नवी यादी फर्मवेअरला दिली. हेतू चांगला होता : ग्रबमध्ये २०२२मध्ये उघड झालेली एक सुरक्षेची फट बुजवणं. दोन सिस्टीम असलेल्या यंत्रांना हे लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टनं आधी सांगितलं होतं. पण कुठल्या यंत्रावर दोन सिस्टीम आहेत हे ओळखण्यातच अपडेट चुकलं. उबंटू, मिंट, डेबियन, झोरिन वापरणाऱ्या अनेकांना दुसऱ्या दिवशी दिसलं : ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’. संगणकाच्या त्रुटी-संदेशात इतकी मानवी कळकळ क्वचितच आढळते. तात्पुरता उपाय असा, की सिक्युअर बूट बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन मोकयूटिल या आज्ञेनं ती यादी पुसायची, यंत्र पुन्हा सुरू करायचं आणि मग सिक्युअर बूट परत चालू करायचं. मायक्रोसॉफ्टची पक्की दुरुस्ती आली मे २०२५च्या अपडेटमध्ये, नऊ महिन्यांनी.

सिक्युअर बूट बंद करायच्या आधी मात्र एक गोष्ट हाताशी हवी, नाहीतर लहान दुखणं मोठं होतं. विंडोजनं डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद केली असेल, तर बूटच्या सेटिंगमध्ये बदल दिसताच ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. अनेकांना आपली डिस्क कुलूपबंद आहे हेच माहीत नसतं. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून तर नव्यानं बसवताना मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं की हे आपोआप होतं. ही की त्या खात्यात, उपकरणांच्या पानावर सापडते. दुसऱ्या यंत्रावरून वा फोनवरून ती आधीच उतरवून, कागदावर लिहून ठेवावी. की नसेल तर दुकानदारच काय, मायक्रोसॉफ्टही ती डिस्क उघडू शकत नाही.

मग यंत्र खरंच मरतं का कधी? मरतं. जानेवारी २०१३मध्ये सॅमसंगच्या काही लॅपटॉपवर यूईएफआय पद्धतीनं लिनक्स सुरू केलं की यंत्र कायमचं बंद पडत होतं, मदरबोर्ड बदलण्यापलीकडे इलाज नव्हता. लिनक्सचा एक ड्रायव्हर दोषी धरला गेला. पुढे गॅरेट यांनीच दाखवून दिलं, की विंडोजमधूनही फर्मवेअरची चिप नोंदींनी भरत नेली तर सॅमसंगचं यंत्र तसंच मरतं. म्हणजे खोट फर्मवेअरमध्ये होती. डिसेंबर २०१७मध्ये उबंटू १७.१०च्या वाट्याला असंच काहीसं आलं. लेनोव्होच्या बऱ्याच आणि इतर कंपन्यांच्या काही लॅपटॉपवर इंटेलच्या एका ड्रायव्हरमुळे फर्मवेअरची चिप लिहिण्यापासून बंद झाली. सेटिंग बदललं तरी टिकेना, काहींना पेनड्राइव्हवरून बूट करणंही जमेना. उबंटूनं डाउनलोड मागे घेतलं आणि जानेवारी २०१८मध्ये सुधारित आवृत्ती काढली. एवढ्या वर्षांत अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. सिस्टीम बदलल्यावर पडदा काळा दिसला म्हणून यंत्र या यादीत गेलं, असं धरून चालण्याचं कारण नाही.

घरी हे सगळं करून पाहायचं, तर पहिलं हत्यार म्हणजे ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवलं तोच. त्यावरून यंत्र ‘ट्राय’ पर्यायानं सुरू करावं. काही न बसवता लिनक्स उघडतं आणि डिस्कवरच्या फायली दिसतात. दिसल्या की दुरुस्तीचा विचार दूर ठेवून आधी त्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. हा क्रम उलटा केलेल्यांचीच रडारड जास्त ऐकू येते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फायली उतरताना ती वारंवार अडखळत असेल तर प्रयोग थांबवावेत. प्रत्येक प्रयत्नानं ती आणखी बिघडते. फायली सुरक्षित झाल्यावर उबंटू आणि मिंटवाल्यांना बूट-रिपेअर नावाचा फुकटचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा तारून नेतो. ग्रब नव्यानं बसवणं, यादीतली नोंद सुधारणं ही कामं तो एका बटणावर करतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे यंत्राची सगळी स्थिती एका अहवालात लिहून देतो. जाणकाराला तो अहवाल दाखवला की ‘चालत नाहीये हो’ या वाक्यापेक्षा शंभर पटीनं कळतं. डिस्कचे भागच चुकून उडवले असतील तर क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा टेस्टडिस्क हरवलेल्या भागांच्या खुणा शोधून नोंद परत लिहितो, अट एकच : मधल्या काळात त्या डिस्कवर नवं काही लिहिलेलं नसावं. दुकानात ‘मारलेली’ विंडोज नेमकी हीच अट मोडते.

दुकानदारांना सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे कारागीर आहेत, जे पडद्यावरच्या ओळीकडे एक नजर टाकून कुठं काय अडलंय ते सांगतात. पण ग्राहकानं ‘चालू करून द्या’ एवढंच म्हटलं, तर कारागीर सगळ्यात जवळची वाट धरणार. ‘डेटा आधी काढा, फॉरमॅट मारू नका’ हे यंत्र हातात देतानाच सांगावं, जमल्यास पावतीवर लिहून घ्यावं, आणि त्या काळ्या पडद्याचा फोटो काढून न्यावा. बिटलॉकरची की मागितली तर देणं भाग असतं. डिस्क कुलूपबंद असूनही दुकानदारानं ती विचारलीच नाही, तर तो डेटा वाचवणार नाहीये हे ओळखावं.

सिस्टीम अजून बदलायची असेल तर बरंच काही आधीच टळतं. विंडोजच्या ‘सिस्टम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’ अशी ओळ असते. तिथं लेगसी आहे की यूईएफआय ते पाहून पेनड्राइव्ह त्याच पद्धतीचा करावा. फास्ट स्टार्टअप बंद करावं, कारण ते चालू असताना विंडोज ‘शटडाउन’ म्हणूनही अर्धवट झोपतं आणि डिस्क ताब्यात ठेवतं. विंडोजचा रिकव्हरी पेनड्राइव्ह यंत्र धड असतानाच करून ठेवावा. अनेकांना त्याची आठवण पडदा काळा झाल्यावर येते, आणि तेव्हा तो करायला दुसरं यंत्र शोधावं लागतं.

एक तारीख मात्र जुनं यंत्र वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. सिक्युअर बूटच्या सह्या ज्यांच्या आधारे पटवल्या जातात ती मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रं २०११ची आहेत आणि जून २०२६पासून त्यांची मुदत संपत जाते. चालू यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. पण पुढच्या काळातल्या शिमवर २०२३च्या नव्या प्रमाणपत्राची सही असेल, आणि ज्या फर्मवेअरला ते प्रमाणपत्र ठाऊक नाही ते नवीन लिनक्सच्या पेनड्राइव्हला दारातच अडवू शकतं. विंडोजमध्ये ते अपडेटबरोबर येतं, लिनक्समध्ये एफडब्ल्यूअपडी या प्रोग्रॅममार्फत. ज्या यंत्राला दोन्हीकडून मिळालं नाही आणि ज्याच्या कंपनीनं नवं फर्मवेअर देणं बंद केलंय, तिथं सिक्युअर बूट बंद ठेवून लिनक्स चालवायचं, एवढाच मार्ग उरतो.